गिंपमध्ये फोटो एडिट करणं आणि सेव्ह करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं तालुक्याच्या गावी झेरॉक्स, फॉर्म भरणे आणि पासपोर्ट फोटो असं छोटं दुकान आहे, आणि फोटोचं सगळं काम मी गिंप या फोटो एडिट करायच्या प्रोग्रॅमवर करतो. दुकानात येणारी पोरं बघतात, घरी जाऊन टाकतात, आणि मग रात्री साडेदहाला मेसेज येतो की दादा फोटो सेव्हच होत नाही. तेच तेच प्रश्न इतक्या वेळा आलेत की एकदाच सगळं लिहून ठेवतोय. सगळं वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा.

१. गिंप खरंच फुकट आहे का, की महिन्याभराने पैसे मागेल?

खरंच फुकट आहे, ट्रायल वगैरे काही नाही. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलेलं हे काम आहे आणि आज जगभरातले लोक मिळून ते पुढे नेतात. यावर काम करून गिऱ्हाइकाकडून पैसे घेतले तरी चालतात, मी तेच करतो. फक्त डाउनलोड गिंप डॉट ऑर्ग याच साइटवरून करा. सर्चमध्ये वरती जाहिरातीत येणाऱ्या साइटवरून घेतलं तर सोबत काय काय येईल सांगता येत नाही. आणि हो, काही जण जिंप म्हणतात, मूळ उच्चार गिंप आहे, पण त्यावरून भांडू नका.

२. कंट्रोल एस दाबलं तर फाइल एक्ससीएफ होते, जेपीजी कुठंच दिसत नाही. काय चुकतंय?

काहीच चुकत नाहीये. २०१२ ला २.८ आवृत्ती आली तेव्हापासून गिंपमध्ये सेव्ह म्हणजे फक्त एक्ससीएफ, म्हणजे गिंपची स्वतःची फाइल. जेपीजी किंवा पीएनजी पाहिजे असेल तर फाइल मेनूतून एक्सपोर्ट अ‍ॅज, म्हणजे शिफ्ट कंट्रोल ई. तिथे नाव लिहिताना शेवटी डॉट जेपीजी असं स्वतः टाईप करायचं, गिंप त्यावरूनच ओळखतं कुठला प्रकार बनवायचा ते. काही लिहिलं नाही तर बहुतेक पीएनजी बनते.

दहातले सात मेसेज याच एका प्रश्नाचे असतात. सेव्हच्या खिडकीत जेपीजी लिहून बघतात, मग गिंप इंग्रजीत सांगतं की एक्सपोर्टला जा, ते कोणी वाचत नाही, थेट स्क्रीनचा फोटो काढून मला पाठवतात, तोही तिरका.

३. पण मला एक्ससीएफ नकोच आहे, ती ठेवायची कशाला?

एक्ससीएफ म्हणजे मळलेली कणीक आणि जेपीजी म्हणजे भाजलेली पोळी. कणकेची पोळी कधीही होते, पराठाही होतो, पण पोळीची परत कणीक होत नाही. एक्ससीएफमध्ये तुमचे सगळे लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले चित्राचे थर, वेगवेगळे राहतात, लिहिलेलं नाव परत बदलता येतं, मास्क, म्हणजे लेयरचा काही भाग लपवणारा पडदा, तोही राहतो. जेपीजीत सगळं एकमेकावर चिकटून एकच चित्र उरतं. मागच्या वर्षी एका मंडळाचं बॅनर केलं, छापायला जायच्या तासभर आधी फोन आला की उपाध्यक्षांचं आडनाव चुकलंय. एक्ससीएफ होती म्हणून दोन मिनिटांत झालं, नुसती जेपीजी असती तर मागच्या भगव्या ग्रेडियंटसकट सगळं परत करावं लागलं असतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा, एक्सपोर्ट करायच्या आधी फ्लॅटन इमेज करायची गरज नसते, एक्सपोर्ट करताना गिंप लेयर आपोआप एकत्र करतं आणि तुमची मूळ फाइल तशीच ठेवतं. फ्लॅटन करून मग कंट्रोल एस मारणारे लोक आहेत, त्यांच्या एक्ससीएफमध्येसुद्धा पोळीच असते. आणि डोळ्याचं चिन्ह बंद करून लपवलेला लेयर जेपीजीत येत नाही, त्यामुळे 'नाव गायब झालं' असं वाटलं तर आधी तो डोळा बघा.

साधा फोटो कापायचा, उजेड वाढवायचा एवढंच असेल तर एक्ससीएफ नाही ठेवली तरी बिघडत नाही. बंद करताना गिंप बदल सेव्ह केले नाहीत म्हणून विचारेल, जेपीजी झालेली असेल तर खुशाल डिस्कार्ड करा.

४. एक्सपोर्ट अ‍ॅज आणि ओव्हरराइट यात फरक काय? ओव्हरराइट सोपं वाटतं.

सोपं आहे म्हणूनच घातक आहे. जेपीजी उघडून काम केलं की फाइल मेनूत ओव्हरराइट आणि पुढे तुमच्या फाइलचं नाव असा पर्याय येतो. तो दाबला की फारसं काही न विचारता मूळ फोटोच्या जागी नवा फोटो बसतो. मूळ गेला.

माझं स्वतःचं सांगतो. आजी-आजोबांचा लग्नातला फोटो मामांकडून आणून स्कॅन केला होता, कडेला पिवळे डाग होते, मागे मांडवात कोणकोण उभं होतं. मी घाईत फक्त दोघांचे चेहरे राहतील असा कापला, छान साफ केला आणि ओव्हरराइट. अल्बम तोपर्यंत मामांकडे बेळगावला परत गेलेला. महिन्याने आई म्हणाली, अरे त्यात मागे माझी आत्या उभी होती ना, तो सगळा फोटो दे. मामांना परत अल्बम पाठवायला सांगताना जे ऐकून घेतलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेव्हापासून मी पहिलं काम करतो ते म्हणजे मूळ फोटोची कॉपी वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायची, मग गिंप उघडायचं. एक्सपोर्ट करताना नावाला मागे काहीतरी जोडा, मी 'केलेला' असं लिहितो.

५. जेपीजी, पीएनजी, वेबपी, यातलं कुठलं घेऊ?

कॅमेऱ्याने काढलेला फोटो असेल तर जेपीजी. लोगो, अक्षरं, स्क्रीनशॉट, किंवा मागची बाजू पारदर्शक पाहिजे असेल तर पीएनजी. वेबसाइटवर टाकायचं असेल तर वेबपी चालते, साइझ कमी होते, पण सरकारी फॉर्म आणि छपाईवाले ती घेतीलच असं नाही. फोटो पीएनजीत टाकला तर क्वालिटी जात नाही पण फाइल जेपीजीच्या कितीतरी पट मोठी होते. उलट बारीक अक्षरांचं चित्र जेपीजीत टाकलं तर अक्षरांभोवती मळकट ठिपके येतात, प्रश्न ७ बघा.

६. मी फाइलचं नाव बदलून पीएनजीचं जेपीजी केलं, तरी साइट 'इनव्हॅलिड फाइल' म्हणते. असं का?

कारण नाव बदलून आतला माल बदलत नाही. साखरेच्या डब्यावर मीठ लिहिलं म्हणून आमटी खारट होते का? गिंपमध्ये उघडा आणि एक्सपोर्ट अ‍ॅजने खरी जेपीजी बनवा.

७. तीच जेपीजी परत परत उघडून सेव्ह केली तर फोटो खराब होतो म्हणतात, खरं का?

हो. जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे छोटे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातला जो बारकावा डोळ्याला फारसा कळणार नाही तो टाकून देते, म्हणून तर साइझ एवढी कमी होते. टाकलेलं परत येत नाही. तुम्ही परत एडिट करून परत सेव्ह केलं की परत थोडं टाकलं जातं. एकदोनदा काही दिसत नाही, पण ग्रुपवर फिरून फिरून आलेला 'शुभ सकाळ'चा फोटो झूम करून बघा, अक्षरांभोवती डास बसल्यासारखं दिसतं ते हेच. नुसतं उघडून बघितल्याने मात्र काही होत नाही, हा गैरसमज खूप आहे.

म्हणून काम अर्धं राहिलं तर एक्ससीएफ, पूर्ण झालं की एकदाच जेपीजी. क्वालिटी ९० ठेवली की घरगुती कामाला भरपूर झालं.

८. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरतोय, फोटो २० ते ५० केबी पाहिजे आणि माझा फोटो ३ एमबी आहे. क्वालिटी १० केली तर चेहराच ओळखू येत नाही.

आधी क्वालिटीला हात लावायचाच नाही, आधी पिक्सेल कमी करायचे. इथेच सगळे फसतात. मोबाइलचा फोटो ४००० बाय ३००० असतो, तो तसाच ठेवून ५० केबीत कोंबायला गेलं की चौकोन चौकोन दिसणारच.

बँकांच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या फॉर्मला फोटो २०० बाय २३० पिक्सेल सांगतात, त्याप्रमाणे असं करा: क्रॉप टूल घ्या, डावीकडे टूलच्या पर्यायांत फिक्स्डला टिक करून अ‍ॅस्पेक्ट रेशो निवडा आणि खाली २००:२३० लिहा, मग चेहरा आणि खांदे येतील असा कापा. मग इमेज मेनूतून स्केल इमेज, रुंदी २०० लिहा, साखळीचं चिन्ह जोडलेलं असेल तर उंची आपोआप २३० येते. साखळी तोडून आकडे लिहिले तर चेहरा लांबुळका होतो, फॉर्मवर असे कितीतरी भोपळे मी बघितलेत. मग एक्सपोर्ट अ‍ॅज, डॉट जेपीजी, आणि जी क्वालिटीची खिडकी येते तिच्यात 'शो प्रीव्ह्यू इन इमेज विंडो' याला टिक करा. आता क्वालिटीची पट्टी हलवली की किती केबी होतंय ते तिथेच दिसतं. २५ ते ४५ केबीच्या मध्ये कुठेतरी थांबा.

मापं दरवेळी जाहिरातीत वाचून घ्या, प्रत्येक परीक्षेची वेगळी असतात.

९. सही १० ते २० केबी मागतात पण माझी ४ केबीच होते! कमी कशी करायची ते सगळे सांगतात, वाढवायची कशी?

हा प्रश्न पहिल्यांदा आला तेव्हा मी पण डोकं खाजवलं होतं. १४० बाय ६० चं चित्र, त्यात बराचसा पांढरा कागद, त्यात साठवायला काही नाहीच, म्हणून साइझ भरत नाही. एक्सपोर्टच्या खिडकीत क्वालिटी १०० करा, खाली अ‍ॅडव्हान्स्डमध्ये सबसॅम्पलिंग ४:४:४ निवडा, आणि सेव्ह थंबनेलला टिक करा, त्याने काही केबी वाढतात. एवढं करूनही भरलं नाही आणि पिक्सेलचं माप सक्तीचं नसेल, नुसतं 'शक्यतो' म्हटलं असेल, तर दुप्पट म्हणजे २८० बाय १२० करा. त्यासाठी मूळ फोटोपासून सुरुवात करायची, लहान केलेलं परत ताणायचं नाही.

आणि सही काळ्या पेनाने, कोऱ्या कागदावर. वहीच्या रेघांवर सही करून आणतात आणि मग 'रेघा काढ ना' म्हणतात.

१०. मागचा भाग इरेझरने खोडला तर पांढरा रंग येतो, पारदर्शक होत नाही.

लेयरला अल्फा चॅनल, म्हणजे पारदर्शकपणा साठवायची जागा, नाहीये. लेयर मेनू, ट्रान्सपरन्सी, अ‍ॅड अल्फा चॅनल. मग खोडा, खाली राखाडी चौकटी दिसल्या म्हणजे पारदर्शक झालं. जेपीजी फाइल उघडली की हे दरवेळी करावं लागतं कारण जेपीजीत पारदर्शक नावाची गोष्टच नसते. त्यामुळे इतकं सगळं खोडून शेवटी जेपीजी केली तर ती जागा परत रंगाने भरते, बहुतेक पांढऱ्या. पीएनजीच करायची.

११. ब्रश फिरवतोय पण काहीच उमटत नाही. प्रोग्रॅम बिघडला का?

नाही बिघडला. या क्रमाने बघा. कुठेतरी छोटं सिलेक्शन पडून राहिलंय का, चालणाऱ्या मुंग्यांसारखी रेघ दिसते ती, कधी एवढी लहान असते की दिसत पण नाही, म्हणून डोळे झाकून शिफ्ट कंट्रोल ए दाबा, सिलेक्शन सुटतं. मग उजवीकडे लेयरच्या यादीत बरोबर लेयर निवडलाय का बघा, बऱ्याचदा आपण खालच्या लेयरवर रंगवत असतो आणि वरचा त्याला झाकून असतो. मग पिवळी तुटक रेघ बघा, ती लेयरची हद्द, तिच्या बाहेर काही उमटत नाही, लेयर मेनूत लेयर टू इमेज साइझ केलं की हद्द वाढते. आणि जुन्या आवृत्तीत काही पेस्ट केलं असेल तर 'फ्लोटिंग सिलेक्शन' नावाचा तात्पुरता लेयर लटकत राहतो, तो अँकर केल्याशिवाय किंवा नवा लेयर केल्याशिवाय दुसरं काही करू देत नाही.

१२. सगळी टूल्स गायब झाली, नुसता फोटो राहिलाय!!

टॅब दाबला गेला. परत टॅब दाबा. तरी आलं नाही तर विंडोज मेनूत रीसेंटली क्लोज्ड डॉक्स मध्ये सापडेल. परत इन्स्टॉल करू नका, एकाने तीनदा केलं होतं.

१३. लाल रंग निवडतो तर तपकिरीच येतो, कुठलाच रंग धड येत नाही.

तुमची फाइल इंडेक्स्ड मोडमध्ये आहे. जिफ आणि काही पीएनजी अशा असतात, त्यात जास्तीत जास्त २५६ रंग, आणि तुम्ही निवडलेला रंग त्यात नसेल तर त्यातला जवळचा उचलला जातो. इमेज मेनू, मोड, आरजीबी. झालं.

१४. मराठी लिहिलं की जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते.

गिंपमध्ये युनिकोड फॉन्ट असेल तर फुटत नाहीत. मुक्ता, बालू, नोटो सान्स देवनागरी हे तिन्ही फुकट आहेत आणि मुक्ता आणि बालू तर मुंबईच्या एक टाइपने केलेले. फॉन्ट टाकल्यावर गिंप बंद करून उघडा, नाहीतर यादीत दिसणार नाही. गडबड होते ती श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमुळे. त्यात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात, त्यामुळे मोबाइलवरून कॉपी केलेला युनिकोड मजकूर त्या फॉन्टमध्ये टाकला की तो फॉन्ट लागतच नाही, किंवा नुसते चौकोन दिसतात. आधी कन्व्हर्टरने बदलून घ्या किंवा सरळ युनिकोड फॉन्ट वापरा.

फोटोशॉपमध्ये 'हार्दिक शुभेच्छा' लिहिल्यावर रफार उतरून र् वेगळा पडतो आणि वेलांटी द च्या मागे न राहता पुढे जाऊन बसते, हे गावोगावच्या फ्लेक्सवर बघितलंच असेल. तिथे प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात वर्ल्ड-रेडी लेआउट निवडायचं, जुन्या आवृत्तीत त्याला मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन म्हणतात. मग प्रोग्रॅम बंद करून उघडायचा. दोन क्लिकचं काम आहे, तरी वाढदिवसाला चार बाय सहा फुटांचा अपमान का टांगतात कळत नाही.

१५. माझ्या कॉम्प्युटरवर फोटो झकास दिसतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की फाटतो.

व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करून पाठवतं, त्यात गिंपचा दोष नाही. फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग फाइल जशीच्या तशी जाते. पारदर्शक पीएनजी तर फोटो म्हणून पाठवूच नका, पारदर्शकपणा जातो.

१६. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला छोटा फोटो मोठा करून फ्लेक्सवर टाकता येईल का?

स्केल इमेजमध्ये आकडा वाढवता येतो, पण फोटोत जे नाहीच ते गिंप कुठून आणणार. हिशोब सोपा आहे. दहा फूट रुंद फ्लेक्स म्हणजे १२० इंच. मोबाइलमधला मूळ ४००० पिक्सेलचा फोटो त्यावर ताणला तर इंचाला ३३ पिक्सेल येतात, रस्त्यापलीकडून बघायला ते चालून जातं. तोच व्हॉट्सअ‍ॅपवरून १६०० चा होऊन आला असेल तर इंचाला १३, मग नेत्याच्या गालावर चौकोन दिसतात. हातात धरून बघायच्या फोटोला मात्र इंचाला ३०० पाहिजेत. तेव्हा ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागा, प्रश्न १५ मध्ये सांगितलंय तशी.

१७. चार बाय सहाच्या कागदावर आठ पासपोर्ट फोटो कसे बसवायचे?

पासपोर्ट साइझ म्हणजे ३५ बाय ४५ मिलिमीटर, इंचाला ३०० पिक्सेलच्या हिशोबाने ४१३ बाय ५३१ पिक्सेल. एक फोटो त्या मापाचा करून घ्या. मग नवी इमेज घ्या १८०० बाय १२००, आडवी, रिझोल्यूशन ३००. त्यात पेस्ट करत चार आडवे, दोन ओळी, मध्ये कात्री चालेल एवढी फट. प्रिंट काढताना 'फिट टू पेज' बंद ठेवा नाहीतर ३५ चे ३३ होतात आणि खिडकीवरचा साहेब पट्टी घेऊन बसलेलाच असतो.

१८. आयफोनचा फोटो उघडत नाही.

तो हेइक प्रकारचा असतो. गिंप २.१० च्या पुढच्या अपडेटमध्ये आणि ३ मध्ये उघडतो, आधी अपडेट करा. नाहीतर फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, मोस्ट कंपॅटिबल करा, पुढचे फोटो जेपीजीत निघतील.

१९. फोटोत घरचा पत्ता लपलेला असतो म्हणे?

पत्ता नाही, पण फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर कुठे काढला त्याचे अक्षांश रेखांश फाइलमध्ये बसतात, तारीख वेळ आणि मोबाइलचं मॉडेलसुद्धा. एक्सपोर्टच्या खिडकीत सेव्ह एक्झिफ डेटा आणि सेव्ह एक्सएमपी डेटा, दोन्हीची टिक काढली की जातं. जुनी गाडी किंवा घर विकायला ऑनलाइन फोटो टाकताना तरी एवढं कराच.

२०. काल सेव्ह केलेली एक्ससीएफ आज उघडली तर अनडू होतच नाही.

अनडूची यादी फाइलमध्ये जात नाही, गिंप बंद केलं की ती संपली. म्हणून मोठा बदल करायच्या आधी लेयरची डुप्लिकेट करून काम करायचं किंवा सेव्ह अ‍ॅज करून नाव बदलायचं, बॅनर १, बॅनर २ असं.

२१. दादा, लाइट गेली आणि सेव्ह केलं नव्हतं. मिळेल का?

गिंप स्वतः कोसळलं असेल तर २.१० पासून पुढे ते परत उघडल्यावर फाइल परत आणू का विचारतं, हो म्हणा आणि लगेच दुसऱ्या नावाने सेव्ह करा. पण लाइट जाणं हे कोसळणं नाही, त्यात गिंपला काही करायला वेळच मिळत नाही, आणि दर पाच मिनिटांनी आपोआप सेव्ह करायची सोय त्यात नाही. त्यामुळे नाही मिळणार. आमच्याकडे मंगळवारी भारनियमन असतं, त्या दिवशी मी दर दोन ओळींनी कंट्रोल एस मारतो.

२२. ३ घेऊ की २.१० च ठेवू?

३.० मार्च २०२५ ला आलं. फिल्टर लावल्यावर नंतर परत बदलता येतो, काढताही येतो, आणि बरेच लेयर एकदम निवडता येतात, या दोन गोष्टींसाठी तरी घ्या. फक्त ३ मधल्या नव्या सोयी वापरून सेव्ह केलेली एक्ससीएफ २.१० मध्ये उघडत नाही, त्यामुळे घरी ३ आणि कॉलेजच्या लॅबला २.१० असं असेल तर अडकाल. मी एकदा पेनड्राइव्हवर असं घेऊन गेलो आणि तसाच परत आलो.